मंग गुरुजींनी कधीच न ऐकलेलं नाव

ज्या माणसाला जाऊन दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, त्याच्या नावावरून मी गेल्या पावसाळ्यात जिवंत माणसांशी भांडत होते. भांडण फोनवर चालायचं. पलीकडे प्रकाशनातली तरुण संपादक, अलीकडे बोरीवलीच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशी मी. जगभरातल्या जुन्या विचारवंतांची मुलांना ओळख करून देणारं एक पुस्तक मी लिहीत होते. ग्रीक मंडळी निमूटपणे लिहून झाली. घोडं अडलं ते एका चिनी माणसापाशी.

इंग्रजीत त्याला मेन्शियस म्हणतात. कन्फ्यूशियसच्या मागून शंभरेक वर्षांनी झालेला, त्याचीच शिकवण पुढे नेणारा हा माणूस. त्याचं आडनाव मंग. चिनी लोक त्याला मंगझ म्हणतात, त्यातला झ म्हणजे गुरू; आईने ठेवलेलं नाव याहून वेगळं. काही शतकांपूर्वी युरोपातले पाद्री चीनमध्ये गेले, त्यांनी तिथले जुने ग्रंथ लॅटिनमध्ये नेले आणि नेता नेता लॅटिन नावांना असते तसली शेपटी याच्याही नावाला जोडली. कन्फ्यूशियसचंही तेच झालं. इंग्रजीने ती नावं जशीच्या तशी उचलली आणि इंग्रजीकडून ती आपल्याकडे आली. शाळेपासून आपण ती इतक्या सहज घेतो, की ती मुळात कुणाची हे विचारायचं कधी डोक्यात येत नाही.

माझ्या डोक्यात आलं, आणि आल्यावर ते काही केल्या जाईना. ज्या नावाने सगळं जग याला ओळखतं, ते नाव त्याने स्वतः एकदाही ऐकलेलं नव्हतं. भर रस्त्यात कुणी 'मेन्शियस' अशी हाक मारली असती, तर त्याने ओ दिली नसती. वळूनसुद्धा पाहिलं नसतं.

"ताई, मेन्शियसच ठेवा ना," संपादक म्हणाली. "सगळीकडे तेच आहे. मुलं नेटवर शोधतील तर काहीतरी मिळायला नको?"

"आणि त्याच्या आईने ठेवलेलं नाव?"

"आई कुठे वाचणार आहे, ताई."

मला राग पटकन येतो आणि उत्तर उशिरा सुचतं. मी फोन ठेवला आणि तावातावाने चहा टाकला.

हे सगळं ऐकायला घरात हक्काचा श्रोता म्हणजे माझ्या सासूबाई. ऐंशीच्या घरातल्या, मूळच्या मालवणकडच्या, लग्न होऊन लालबागच्या खोलीत आलेल्या. सासरे गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्यावर ते सगळं बिऱ्हाड उचलून बोरीवलीला आले, तेव्हापासून त्या इथेच आहेत. दुपारी जेवणं झाली की त्या खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत बसतात आणि मी सकाळी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते. हा आमचा जुना रिवाज. त्यांचे हात थांबले तर मजकूर चांगला जमलाय, त्यांना जांभई आली तर ते पान फाडायचं, इतका साधा हिशोब.

मेन्शियसच्या नावाची कहाणी वाचली तेव्हा हातातली गवार तशीच राहिली.

"म्हणजे मंग गुरुजी," त्या म्हणाल्या.

मी चक्रावले. इतके दिवस मी डोकं आपटत होते आणि झ म्हणजे गुरू हे मीच त्यांना सांगितलं होतं. मग दुसरं काय म्हणणार त्या? तेव्हापासून आमच्या घरात तो मंग गुरुजीच झाला. नवरासुद्धा ऑफिसातून आल्यावर विचारायला लागला, "काय, आज गुरुजींनी काय शिकवलं?"

गुरुजींपेक्षा सासूबाईंना त्यांच्या आईचं जास्त कौतुक. आख्यायिका अशी की, ती विधवा बाई मुलासाठी घरामागून घर बदलते. पहिलं घर स्मशानापाशी, तर पोरगं प्रेतयात्रेचा खेळ खेळायला लागलं. दुसरं बाजारात, तर ते ओरडून ओरडून माल विकायला लागलं. तिसरं शाळेजवळ घेतलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"तिचां नाव काय?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणाला माहीत नाही. मंगची आई, एवढंच म्हणतात."

"तेका निदान दोन नावां," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गवार मोडायला लागल्या. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्याच दिवसांत घाटकोपरहून फोन यायला लागले होते. तिथे सासूबाईंची थोरली बहीण असते, लेकाकडे. सासूबाई तिला बाय म्हणतात, आम्ही मोठी मावशी. नव्वदीला टेकलेली, आणि गेल्या वर्षभरात तिच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं जात होतं. आधी शेजारी गेले, मग नातवंडं, मग सूनही. आता तर तिने जेवण टाकलं होतं. मावशीची सून अगदी रडकुंडीला आली होती.

"वहिनी, घास तोंडाशी नेला की हात धरतात," ती म्हणाली. "एकच धोशा लावलाय. कुणीतरी विहिरीवर गेलीय म्हणे, आली नाही अजून. ती आल्याशिवाय जेवणार नाही. आणि दिवसभर तिला हाका मारतात." तिने एक नाव सांगितलं. "तुम्हाला माहितेय कोण ते? ह्यांना काहीच माहीत नाही."

दोन अक्षरांचं, गावाकडच्या मुलींना पूर्वी असायचं तसलं नाव. मी कधीच ऐकलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं. त्याने बराच वेळ आठवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "आईच्या माहेरी एक म्हैस होती. बहुतेक तीच असेल."

सरळ सासूबाईंना विचारायचं तर होतं. पण त्यांचं ब्लडप्रेशर नुकतंच ताळ्यावर आलं होतं आणि बहिणीने अन्न टाकलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं. थोडा ताप आहे, पाऊस ओसरला की जाऊ, असं आम्ही सांगून टाकलं. म्हाताऱ्या माणसांपासून गोष्टी लपवण्यात आम्ही सगळेच पटाईत. डॉक्टर घाटकोपरला येऊन सांगून गेले होते, की असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल, आणि या वयात शरीर किती साथ देईल ते सांगता येत नाही. फोन ठेवला की मी तोंड धुवायची आणि हसऱ्या चेहऱ्याने बाहेर यायची.

एका दुपारी मी गुरुजींचा सगळ्यात प्रसिद्ध विचार वाचायला घेतला. माणूस मुळात चांगला असतो, असं त्यांचं म्हणणं. पुरावा काय, तर एक लहान मूल विहिरीच्या काठाशी रांगत चाललंय, आता पडणार, असं तुम्ही पाहिलंत तर तुमच्या काळजात धस्स होतं. ते मूल तुमचं नसतं. त्याच्या आईबापांकडून तुम्हाला काही नको असतं. कुणी शाबासकी देईल हेही मनात नसतं. तरी धस्स होतं. तेवढं जे होतं ना, तेच माणुसकीचं बी, असं गुरुजी म्हणतात.

वाचून झालं. हात थांबले होते. मला वाटलं, मजकूर जमला.

"बाय अशीच धावत इली होती," सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "आमच्या बावर."

बाव म्हणजे विहीर, हे मला इतक्या वर्षांत कळायला लागलंय. त्या सांगत गेल्या. त्यांची आई त्या रांगत्या असतानाच गेली. वाढवलं ते बायने, जी स्वतःच तेव्हा परकरी पोर होती. एक दिवस बायने त्यांना छोटी कळशी देऊन पाण्याला पाठवलं. वाटेत जांभळं पडली होती. त्यांनी कळशी विहिरीच्या काठावर ठेवली आणि झाडाखाली जांभळं खात बसल्या. इकडे चूल पेटवून बाय वाट बघतेय. पोर येईना म्हणून ती आली, तर काठावर नुसती कळशी.

"वाकान वाकान बावत बघी होती गो ती. आणि हाका मारी होती. मी झाडामागसून बघी होतंय. माका हसाक येय होतां." त्यांनी गवार पुन्हा हातात घेतली. "मगे मी भायर इलंय. तिना माका मारल्यान. आणि मारता मारता स्वतः रडाक लागली."

हातातले कागद मी खाली ठेवले. मी विचारलं, "काय म्हणून हाक मारत होती?"

"नावान. माझ्या."

मी त्यांचं नाव घेतलं, म्हणजे जे मला माहीत होतं ते. पत्रिकांवर छापलेलं, रेशनकार्डावरचं, सासरे गेल्यावर शेजारच्या बायकांनी ज्या नावाने त्यांना हाक मारून सावरलं ते.

"तां नाय," त्या म्हणाल्या. "तां हयलां. लग्नात ठेवलेलां." आणि मग अगदी सहज, गवारीची शीर ओढत, त्यांनी आपलं माहेरचं नाव सांगितलं.

तेच नाव. घाटकोपरच्या खोलीत दिवसभर ज्याच्या हाका चालल्या होत्या ते.

लग्न लागल्यावर तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवीन नाव लिहितात, पेढे वाटतात, हे मी शंभर लग्नांत पाहिलंय. माझंही लिहिणार होते, मी तेव्हा डोळे वटारले म्हणून राहिलं. पण त्या ताटातल्या तांदळाखाली जुनं नाव जातं कुठे, हे कधी मनातच आलं नव्हतं. सासरी ते कुणी घेत नाही. मुलांच्या कानावर पडत नाही. माहेरची माणसं एकेक करून गेली की घेणारं तोंडच उरत नाही. माझ्या सासूबाईंचं नाव आता जगात एकाच माणसाकडे होतं, आणि त्या माणसाच्या डोक्यातून बाकी सगळं धुऊन गेलं तरी तेवढं मात्र गेलं नव्हतं.

मग लपवण्यात काय अर्थ होता? मी त्यांना सगळं सांगितलं. त्या आरडाओरडा करतील, छातीला हात लावतील, असं वाटलं होतं. त्यांनी भाजीचा कागद गुंडाळला, उठल्या आणि म्हणाल्या, "कुळीथ आसत काय घरात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलच्या डब्यात कुळथाची पिठी आणि मऊ भात घेऊन आम्ही निघालो. नॅशनल पार्कपाशी मेट्रो धरली, गुंदवलीला उतरून पुलावरून पलीकडची घाटकोपरची मेट्रो. सरकत्या जिन्याला त्या घाबरतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी लिफ्ट शोधत. डबा त्यांनी मांडीवरून हलू दिला नाही. वाटेत एकदाच बोलल्या. "तिका मी आठवतंय काय, बघूया." त्यांच्या आवाजात जी भीती होती, ती मी आधी कधीच ऐकली नव्हती.

मावशी खिडकीजवळच्या कॉटवर भिंतीला टेकून बसली होती. इतकी वाळली होती, की अंगावरचा ब्लाऊज दुसऱ्या कुणाचा वाटत होता. सुनेने मोठ्याने सांगितलं, "आई, बघा कोण आलंय. बोरीवलीच्या मावशी." वर नावही घेतलं, लग्नातलं.

मावशीने पाहिलं. घरी आलेल्या परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीने. "बसा हां," ती म्हणाली. "चेडू बावर गेलां, अजून येवक नाय."

"बाय, मीच ती," सासूबाई म्हणाल्या, आणि आपलं ते दोन अक्षरांचं नावही सांगितलं. "मीच गो."

मावशी हसली. थट्टा कळल्यावर मोठ्या माणसाला राग येऊ नये म्हणून हसतात तशी. पिकलेले केस, सुरकुतलेले गाल, जाड चष्मा, ही बाई सांगतेय मी ते चेडू, ती पोर. कोण विश्वास ठेवेल? "तुम्ही थोर माणसां," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

सासूबाई डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. मी त्यांच्या मागे जाणार, तेवढ्यात मावशीने खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत हाक मारली. रिक्षांच्या गोंगाटात विरून जाणारी, कोरड्या घशाची हाक. सुनेने सवयीने म्हटलं, "येईल हां, आई."

आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"ओऽऽ"

तो आवाज मी ओळखला नाही. लग्न होऊन आल्यापासून मी सासूबाईंचा आवाज ऐकतेय. रागाचा, लाडाचा, कुकरच्या शिट्टीवरून ओरडलेला. हा त्यातला नव्हता. उंच, लांबवलेला, शेतं ओलांडून जाईल असा ओ. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

मावशी ताठ बसली. "खय होतंस गो?"

"बावर," आतून आवाज.

"कळशी खय?"

"भरून ठेवलंय."

मावशीने सुस्कारा सोडला. किती दिवसांचा होता कोण जाणे. तिचे खांदे खाली आले, कपाळावरची आठी मोडली. मग थोडं रागावून, थोरल्या बहिणीने विचारावं तसं विचारलं, "जेवलंस?"

"तुझ्यावांगडा जेवतंय."

सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. पिठीची वाफ येत होती. त्या कॉटवर बहिणीला खेटून बसल्या आणि भात कालवायला लागल्या. मावशीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिचं लक्ष ताटात होतं. पहिला घास तिने स्वतः उचलला आणि तो बहिणीच्या तोंडात घातला. धाकटीला आधी, ही तिची जुनी सवय असणार. मग दुसरा आपल्या तोंडात. एकाच ताटात दोघी जेवत राहिल्या, आणि मावशीची सून दारात उभी राहून पदराने डोळे टिपत राहिली.

परतताना मेट्रोत गर्दी नव्हती. मी विचारलं, "आई, तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं? नाव बदललं त्याचं?"

"तां नाव काय वायट नाय," त्या म्हणाल्या. "त्याच नावान मी संसार केलंय." मग त्यांनीच विषय काढला. "तुझ्या त्या गुरुजींचां काय ठरलां?"

मी म्हटलं, अजून काही नाही.

"भायरच्या पानार मेन्शियस लिही. लोकांका तसोच सापडता तो. पण आईच्या तोंडात नाव घालशीत ना, तेव्हा तिना ठेवलेलां तिका घेवक दी."

मी तसंच केलं. पुस्तकात मथळ्याला मेन्शियस आहे, संपादक खूश आहे. पण ती बाई तिसऱ्या घराच्या दारात उभी राहून खेळत असलेल्या लेकाला जेवायला बोलावते, तिथे मी एका अक्षराचं, तिने ठेवलेलं नाव घातलंय, जे चीनमध्येसुद्धा आदरापोटी कुणी सहज घेत नसे. इतक्या शतकांनंतर ते अजून शाबूत आहे, ते मला इथे बोरीवलीत बसून लिहिता आलं, याचं मला आजही नवल वाटतं. ते लिहिताना हात जरा सावकाश चालला.

आता आम्ही दर रविवारी घाटकोपरला जातो. मावशी एरवीही थोडंथोडं खायला लागली आहे. चेहरा तिला अजून ओळखू येत नाही. सासूबाई आधी स्वयंपाकघरात जातात, हाक येईपर्यंत थांबतात, ओ देतात, मग बाहेर येतात. नवऱ्याला म्हशीवरून मी अजून सोडलेलं नाही.

ते नाव आता आम्हा सगळ्यांना पाठ आहे. एकदा नवऱ्याने लाडात येऊन आईला त्या नावाने हाक मारायचा विचार बोलून दाखवला. मी त्याला गप्प केलं, आणि इथेही मी ते लिहिलेलं नाही. ती हाक मारणारं माणूस घाटकोपरला अजून बसलंय.